दूरचा सौदा : इतवारीच्या पेढीपासून मोटारगाडीपर्यंत

‘पाण्यांत म्हैस, बाहेर मोल’ ही म्हण ज्यानें कोणी प्रथम उच्चारली, त्यानें व्यापाराचा एक सबंध अध्याय चार शब्दांत सांगून टाकिला. म्हशीचें अर्धें अंग पाण्याखालीं. ती धड आहे कीं लंगडी, याचा पत्ता नाहीं. आणि कांठावर उभे राहून दोघेजण तिचा भाव ठरवीत आहेत. या चित्रांतील वेडेपणा आपणांस हंसवितो. परंतु गांवच्या तळ्यांतील म्हैस निदान सायंकाळीं बाहेर तरी येते. वस्तु पांचशें मैलांवर, विकणारा अनोळखी, आणि घेणारा आपल्या घरीं बसलेला, अशी स्थिति असली म्हणजे काय करावें? हा प्रश्न आजचा नाहीं. नागपूरच्या इतवारीनें तो पूर्वींच सोडविला होता. आणि मोटारगाडी आल्यावर तो पुन्हां नव्यानें सोडवावा लागला. या दोन उत्तरांमधील अंतर किती, हें पाहणें हा या लेखाचा हेतु आहे.

इतवारी हें नांव आठवड्याच्या बाजारावरून पडलें. नागपूरच्या जुन्या वस्तींत इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी अशीं वारांचीं नांवें धारण करणारे मोहल्ले आहेत, आणि त्यांवरून त्या शहराची मूळ प्रकृति कळते. गोंड राजा बख्तबुलंद यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं हें शहर वसविलें; चांद सुलतानानें त्यास तट व तलाव दिले; पुढें पहिल्या रघूजी भोसल्यांनीं तेथें आपलें ठाणें केलें. राजा महालांत बसला आणि बाजार इतवारींत बसला. सराफा, किराणा, धान्य, कापड यांच्या ओळी तेथें उभ्या राहिल्या, आणि आदितवारचा बाजार सातही दिवसांचा झाला.

अशा बाजाराचा बहुतेक माल बाहेरगांवचा. मीठ, मसाले, रेशीम, सोनें यांतलें नागपुरास पिकणारें कांहींच नाहीं. तेव्हां दूरच्या अनोळखी माणसाशीं व्यवहार करणें हा तेथील व्यापाऱ्याचा अपवाद नव्हता, नियम होता. तो त्यानें तीन आधारांवर उभा केला होता: नमुना, आडत्या आणि हुंडी. नमुना म्हणजे मालाची वानगी. मूठभर पाहून पोतें ओळखावयाचें. आडत्या म्हणजे परगांवीं आपल्यासाठीं डोळे उघडे ठेवणारा माणूस. त्याची पत गेली कीं त्याचा धंदा गेला, म्हणून तो खरें बोले. आणि हुंडी म्हणजे पैशाचा प्रवास. दर्शनी हुंडी दाखवितांच पटे, मुदती हुंडी मुदत भरल्यावर पटे, शाहजोग हुंडीचे पैसे बाजारांतील प्रतिष्ठित माणसासच मिळत. हुंडी हरवली तर पैठ, आणि पैठ हरवली तर परपैठ लिहून देण्याची सोय होती. या साऱ्यांत आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाची ती जोखमी हुंडी. हिचे पैसे माल सुखरूप पोंचला तरच द्यावयाचे. माल वाटेंत बुडाला तर हुंडीही बुडाली. म्हणजे वाटेंतील धोका कोणी सोसावयाचा, हें सौद्याच्या वेळींच कागदावर ठरून जाई. दूरच्या सौद्याचें सारें शास्त्र या एका युक्तींत आहे, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

वाहनाचा व्यवहार मात्र पोत्यांच्या व्यवहाराहून निराळा होता. घोडा किंवा बैल यांची वानगी पाठवितां येत नाहीं. म्हणून वाहन घेणारा स्वतः जाई. वऱ्हाड-नागपूरकडील माणूस रेंगीसाठीं बैलजोडी घ्यावयास जत्रेच्या बाजारांत हिंडे. वर्धा-नागपूरच्या बाजूची गवळाऊ जात चपळ चालीसाठीं नांवाजलेली. मराठ्यांच्या फौजांचें सामान तिनें वाहिलें असें सांगतात. घोडा घेणारा त्याचे दांत उघडून वय मोजी, खूर ठोकून पाही, चालवून व दौडवून पाही, आणि अंगावरील भोंवरे शुभ कीं अशुभ याचाही विचार करी. त्यांतील भोंवऱ्यांचा भाग आपण आज सोडून देऊं. परंतु बाकीचें ज्ञान खरें होतें, आणि मुख्य म्हणजे तें विकणारा व घेणारा या दोघांपाशींही सारखेंच होतें. घोड्यांचा व्यापारी लबाड असला तरी गिऱ्हाइक आंधळें नव्हतें.

परिस्थितीनें हतबल झालेल्या विकणाऱ्याचें उदाहरणही नागपुरानें पाहिलें आहे. १८५३ सालीं तिसरे रघूजी वारले; १८५४ सालीं राज्य खालसा झालें; आणि पाठोपाठ भोसल्यांच्या पागेंतील व पीलखान्यांतील हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावांत मातीमोलानें गेले, जवाहीर विक्रीसाठीं कलकत्त्यास गेलें. बाजारांत भाव ठरतो तो वस्तूच्या गुणावरून ठरतो, ही समजूत त्या लिलावानें खोटी पाडली. विकणाऱ्यास न विकण्याची मुभा नसेल तर भाव उतरतो. घेणाऱ्यास न घेण्याची मुभा नसेल तर तो चढतो, हें दुसरें अर्धें सत्य नागपूरकरांस पुढें शंभर वर्षांनीं मोटारगाडीनें शिकविलें.

१८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली. १८९१ पर्यंत बंगाल-नागपूर रेल्वेनें पूर्वेकडचा मार्ग असनसोलपर्यंत जोडला. त्याच मार्गावरील इतवारीच्या स्थानकावरून पुढें छिंदवाडा व नागभीड या बाजूंस जाणाऱ्या अरुंद मार्गाच्या छोट्या गाड्याही धांवूं लागल्या, आणि आपल्या काळापर्यंत धांवल्या. आगगाडीनें इतवारीच्या तीन आधारांत चौथ्याची भर घातली, ती बिल्टीची. विकणाऱ्यानें माल गाडींत घालावा, बिल्टी बँकेंत धाडावी. घेणाऱ्यानें बँकेंत पैसे भरून बिल्टी सोडवावी व मग माल उचलावा. सोय मोठी, परंतु तिच्यांत एक सूक्ष्म पालट होता. जोखमी हुंडींत माल आधीं व पैसे मागून. बिल्टींत पैसे आधीं व माल मागून. पेटी उघडण्यापूर्वींच किंमत चुकती होऊं लागली. दूरच्या सौद्यांतील भय विकणाऱ्याच्या खांद्यावरून उतरून घेणाऱ्याच्या खांद्यावर बसलें, तें असें.

या भयाचा अनुभव थोरामोठ्यांसही आला. जमशेटजी टाटांनीं १८७४ सालीं कंपनी काढून नागपुरास कापडाची गिरणी उभारली, आणि १ जानेवारी १८७७ रोजीं, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून दरबारांत घोषित झाली त्या दिवशीं, ती एम्प्रेस मिल्स या नांवानें सुरू झाली. कापूस जवळ, कोळसा फारसा दूर नाहीं, बाजार शेजारीं; हिशेब चोख होता. परंतु विलायतेहून आणविलेलीं पहिलीं यंत्रें स्वस्ताईच्या नादांत हलक्या प्रतीचीं आलीं, आणि तीं काढून चांगलीं नवीं बसवावीं लागलीं. पुढें याच गिरणीनें रिंग-चात्यांसारख्या नव्या यंत्रांचा प्रयोग करून नांव मिळविलें, हें सर्वश्रुत आहे. पण आमच्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ती पहिलीच. कापसाची गांठ फोडून पाहतां येते. यंत्राचा दोष तें चालूं लागल्यावरच दिसतो. नमुना येथें निरुपयोगी, आणि घोड्याचे दांत पाहणारें ज्ञानही निरुपयोगी. जमशेटजींपाशीं दुसरीं यंत्रें घेण्याइतकें भांडवल व धैर्य होतें. सामान्य गृहस्थापाशीं तें नसतें.

आणि सामान्य गृहस्थाच्या दारांत येणारें पहिलें मोठें यंत्र म्हणजे मोटारगाडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती मुंबई-कलकत्त्यास उतरली. १९१४ सालीं तिच्यासाठीं सबंध ब्रिटिश हिंदुस्थानास लागू असा कायदा झाला. १९२६ सालीं फोर्ड कंपनीनें हिंदुस्थानांत आपली शाखा स्थापिली. १९२८ सालीं जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें गाड्या जोडण्याचा कारखाना घातला. खोक्यांतून आलेले भाग बंदराच्या आसपास जोडावयाचे आणि तेथून देशभर धाडावयाचे, अशी ही पद्धति होती. नागपूर हिंदुस्थानच्या मध्यावर, आणि म्हणूनच प्रत्येक बंदरापासून दूर. मुंबई लोहमार्गानें ५२० मैल, कलकत्ता ७०० मैलांवर. शहरांत मुखत्यार विक्रेता असला तरी त्याचें दुकान म्हणजे त्या बंदराची खिडकी. खरें दार पांचशें मैलांवरच.

गाडी घरीं आणण्याचे मार्ग दोन. एक आगगाडीच्या डब्यांतून, दुसरा सडकेनें. सडकेनें यावयाचें म्हणजे नाशिक, धुळें, मलकापूर, अकोला, अमरावती असा प्रवास. नवी गाडी पहिले पांचशें मैल ताशीं तीस मैलांहून अधिक वेगानें हांकूं नये, असें त्या वेळच्या सूचनापुस्तकांत सामान्यतः लिहिलेलें असे. मुंबई-नागपूर अंतरही तितकेंच. म्हणजे गाडी घरीं येईपर्यंत तिची कोवळीक संपलेली! गंमत सोडून दिली तरी या प्रवासांतच विकत घेणाऱ्याची परीक्षा होई. मलकापुराजवळ कांहीं बिघडलें तर मुंबईची पेढी मागें, नागपूरचें घर पुढें, आणि जवळ लोहार.

कायदा या वेळीं कोणाच्या बाजूला होता? १९३० चा मालविक्रीचा कायदा वाचून पाहावा. घेणाऱ्यानें आपला डोळा उघडा ठेवावा, हें त्याचें मूळ सूत्र. मी अमुक कामासाठीं वस्तु घेतों आहें आणि तुमच्या जाणतेपणावर विसंबतों आहें, असें विकणाऱ्यास कळविलें, तर ती वस्तु त्या कामास योग्य असण्याची हमी कायदा गृहीत धरतो. परंतु तेथेंच एक अपवाद आहे: वस्तु तिच्या व्यापारी नांवानें मागितली असेल तर योग्यतेची ही हमी उरत नाहीं. मोटारगाडी तर जगांत सर्वांत अधिक नांवानें मागितली जाणारी वस्तु. शिवाय घेणाऱ्यानें माल तपासला असेल तर त्या तपासणींत दिसावयास हवे होते अशा दोषांची तक्रार त्यास करतां येत नाहीं. आणि विकणाऱ्यानें माल वाहतूक करणाऱ्याच्या हवालीं केला कीं तो सामान्यतः घेणाऱ्यासच पोंचला असें धरलें जातें. जोखमी हुंडीनें जें ओझें विकणाऱ्यावर ठेविलें होतें तें या तीन कलमांनीं मिळून बहुतांशीं घेणाऱ्यावर आणून टाकिलें. कायदा अन्यायी होता असें आमचें म्हणणें नाहीं. तो घोडा आणि कापूस यांच्या जगांत घडलेला होता. जेथें दोन्ही पक्षांस मालाची सारखी पारख असते त्या जगांत तो न्याय्यच आहे.

रस्त्यांचा प्रश्न नागपूरशीं निराळ्याच नात्यानें बांधलेला आहे. १९२७ सालीं बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं रस्तेसुधारणा समिति नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसवून १९२९ सालीं मध्यवर्ती रस्ते-निधि निघाला. पुढें १९४३ सालीं देशांतील मुख्य इंजिनिअरांची परिषद नागपुरासच भरली, आणि तिनें वीस वर्षांची जी योजना आंखली ती ‘नागपूर योजना’ या नांवानें प्रसिद्ध आहे. सुपीक प्रदेशांतील कोणतेंही गांव मुख्य रस्त्यापासून पांच मैलांहून दूर असूं नये, हा तिचा एक संकल्प. तो काळ युद्धाचा. १९४१ पासून पेट्रोल शिधापत्रकावर आलें होतें, कांहीं मोटारी कोळशाच्या वायूवर धांवत होत्या, आणि नवी गाडी मिळणें दुरापास्त होतें. अशा वेळीं भावी रस्त्यांचा नकाशा काढणाऱ्यांच्या आशावादाचें कौतुकच केलें पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर अंतर कमी होईल अशी अपेक्षा होती. हिंदुस्थान मोटर्स १९४२ सालीं व वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ सालीं स्थापन झाली होती. १९५३ नंतर देशांत भाग बनविण्याचा कार्यक्रम असणाऱ्यांसच मुभा उरली, तेव्हां फोर्ड व जनरल मोटर्स यांनीं आपले कारखाने आंवरले. आतां गाडी घ्यावयाची तर कुर्ल्याची, उत्तरपाड्याची किंवा मद्रासची. या काळांत नागपूर स्वतः तीन राज्यांतून फिरलें: १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी, मग द्वैभाषिक मुंबई राज्यांत, आणि १९६० पासून महाराष्ट्रांत. कुर्ला एकाच राज्यांत आलें, पण तें जवळ आलें नाहीं. मैलांपेक्षां वर्षांचें अंतर मोठें झालें. १९५९ सालीं मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर सरकारी नियंत्रणाचा हुकूम निघाला. नांव नोंदवावयाचें आणि वर्षानुवर्षें वाट पाहावयाची. जुनी गाडी नवीपेक्षां महाग विकली जावी, असा अर्थशास्त्राच्या पोटांत गोळा आणणारा चमत्कार या काळांत नित्याचा झाला. घेणाऱ्यास न घेण्याची मुभा नाहीं, दुसरीकडे जाण्याचीही नाहीं. मग तपासणी कसली आणि तक्रार कसली! सीताबर्डीवरील लिलावाची ही उलटी बाजू. १९८३ सालीं मारुतीसाठीं दहा हजार रुपये आधीं भरून लोकांनीं नांवें नोंदविलीं, आणि त्या वर्षाच्या १४ डिसेंबरास पहिली गाडी दिल्लींत दिली गेली, तेव्हां हा कोंडमारा फुटूं लागला.

पुरवठा वाढला तसा दूरच्या सौद्याचा हेतु पालटला. पूर्वीं जवळ मिळत नाहीं म्हणून लोक दूर जात. आतां दूर स्वस्त मिळते म्हणून जाऊं लागले. निरनिराळ्या राज्यांत विक्रीकर निरनिराळा. कर कमी असेल तेथें गाडी घ्यावी आणि चालवीत घरीं आणावी, हा हिशेब चतुर माणसास सुचला. सरकारसही तो सुचला. १९८७ सालीं महाराष्ट्रानें बाहेरून आणलेल्या मोटारगाडीवर प्रवेशकर बसविण्याचा कायदा केला, आणि कराच्या फरकाची कमाई नाक्यावरच विरून जाऊं लागली. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सर्व देशांत एक झाला आणि हा अध्याय संपला. परंतु नोंदणीचें मूळ तत्त्व १९३९ च्या कायद्यापासून तेंच आहे: मालक ज्या राज्यांत राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी ठेवतो, त्याच राज्यांत तिची कायम नोंदणी व्हावयाची. गाडी कोठूनही घ्या, तात्पुरत्या नोंदणीवर घरीं आणा, कर घरच्या सरकारास भरा. बदलीच्या नोकरींत असणाऱ्या कांहीं वर्गांसाठीं २०२१ सालीं ‘भारत’ क्रमांकाची मालिका निघाली. परंतु इतरांस त्यांचें राज्य गाडीच्या पाटीवर वागविणें भागच आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. गाडी बिघडली, आणि विकणारा आपलें ऐकत नाहीं, मग? १९८६ च्या ग्राहकसंरक्षण कायद्यानें ग्राहकास स्वस्त व सोपें न्यायद्वार दिलें, ही लहान गोष्ट नव्हे. पण तें द्वार कोठें उघडावयाचें? जेथें विकणारा राहतो वा धंदा करतो, जेथें त्याची शाखा आहे, किंवा जेथें तक्रारीचें कारण घडलें तेथें. पुण्यास गाडी घेतलेल्या नागपूरकरास हें द्वार बहुधा पुण्यासच सांपडे. प्रत्येक तारखेस जाणें, येणें, एक दिवसाची मजुरी किंवा रजा. नुकसानभरपाईहून वाटखर्च अधिक. अशा वेळीं शहाणा माणूस हक्क सोडून देई, आणि त्याच्या शहाणपणावरच वाईट विक्रेता जगे. २०१९ च्या नव्या कायद्यानें, जो २० जुलै २०२० पासून अंमलांत आला, एक लहानसें वाक्य घातलें: तक्रार करणारा स्वतः जेथें राहतो किंवा पोटासाठीं काम करतो, तेथेंही त्यास दाद मागतां येईल.

या वाक्याचें महत्त्व आमच्या मतें पुष्कळांस अजून उमगलेलें नाहीं. वृत्तपत्रें लांबीरुंदीचे आंकडे छापतात. समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटर. २०२२ च्या डिसेंबरांत त्याचा शिर्डीपर्यंतचा भाग उघडला, २०२५ सालीं तो पुरा झाला. सकाळीं मुंबईस गाडी घेतलेला माणूस रात्रीं घरीं जेवूं शकतो. हें सारें खरें आणि आनंदाचें आहे. परंतु सौद्यांतील अंतर किलोमीटरांत मोजतां येत नाहीं. तंटा पडला असतां कोणीं कोणाच्या दारीं जावयाचें, यावरून तें मोजावें लागतें. विकणाऱ्यास घेणाऱ्याच्या गांवीं येऊन उत्तर द्यावें लागत असेल, तर मद्रासही जवळ आहे. घेणाऱ्यासच शंभर हेलपाटे घालावे लागत असतील, तर शेजारच्या रस्त्यावरचें दुकानही परदेशांत आहे.

यावर कोणी म्हणेल कीं कायद्याच्या एका वाक्यानें यंत्राचा दोष दिसूं लागत नाहीं. तें बरोबर आहे. मोटारगाडी आजही पाण्यांतील म्हैस आहे, आणि तिचें ज्ञान आजही विकणाऱ्यापाशींच अधिक आहे. जवळच्या दुकानाचा एक लाभ कायद्यानेंही भरून निघणारा नाहीं: सुटा भाग हवा असतां, एखादा आवाज कोठून येतो तें विचारावयाचें असतां, ओळखीचा माणूस हांकेवर असणें. दोनचार हजारांची बचत त्या हांकेच्या मोबदल्यांत करावी कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु ठरवितांना हिशेबाच्या दोन्ही बाजू मांडाव्या, एवढेंच आमचें सांगणें.

इतवारीच्या जुन्या पेढीवरील व्यापारी परगांवचा सौदा करतांना भाव शेवटीं विचारी, असें नाहीं. तो भाव आधींच विचारी, आणि तो कसूनही विचारी. पण वाटेंत माल बुडाला तर कोणाचा बुडाला, हें कागदावर लिहून घेतल्यावांचून त्याची हुंडी पेढीबाहेर जात नसे. मोटारीच्या पावतीवर सही करण्यापूर्वीं तेवढा एक प्रश्न आपणही विचारावा. त्याचें उत्तर देण्यास जो कचरतो, त्याचें दुकान मुंबईस असो कीं आपल्याच चौकांत, तें आपल्यापासून फार दूर आहे असें समजावें.